चाचांचा लाल ठिपका

सांगलीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांच्या हत्यारांत नखांना लावायच्या लाल पॉलिशची एक बाटली असायची. कुठलाही स्क्रू सैल करण्याआधी ते स्क्रू आणि पत्रा या दोन्हींवर मिळून एक ठिपका ठेवत, म्हणजे मूळ जागा कळते. काम झालं की तो ठिपका थिनरच्या बोळ्याने पुसून टाकत. "आपलं काम पक्कं हाय, मग मागचं कशाला ठेवायचं?" हे वर ऐकवत. कारागीर अव्वल, पण घमेंड होती, हे खोटं कशाला बोलू!

सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा माझ्या भावाने अमेरिकेहून घरगुती कॉम्प्युटर पाठवला. मी सांगलीतच कॉलेजात गणित शिकवायचे, म्हणून कॉम्प्युटर माझ्याकडे. मुंबईपर्यंत जहाजाने आणि पुढे एसटीच्या टपावरून आलेला. माझे वडील, अण्णा, मेढ्याला शिक्षक. बावीस वर्षं पावसाळ्यात रोज सकाळी घराच्या अंगणात पडलेला पाऊस मोजून त्यांनी वह्यांत लिहिला होता. दिवाळीच्या सुट्टीत ते वह्या घेऊन माझ्याकडे सांगलीला आले आणि मी ते आकडे टाइप करून फ्लॉपीवर ठेवले. शहाणपणा करून दुसऱ्या फ्लॉपीवर प्रतही काढली. अण्णा इतके खूश की त्यांनी सगळ्या वह्या आमच्या पाणी तापवायच्या बंबात घातल्या! मी किंचाळले, तर म्हणतात, "तुझ्या तबकडीत आहे ना सगळं? मग वाळवीला कशाला पोसायचं?"

पुढे मेच्या सुट्टीत अण्णा आमच्याकडे आलेले असताना, भावाने पाठवलेली नवी फ्लॉपी काही केल्या वाचता येईना. चाचांना बोलावलं. त्यांनी फ्लॉपीचा खण उघडला, ठिपका ठेवला, आतलं वाचणारं-लिहिणारं डोकं केसभर सरकवलं आणि फ्लॉपी चालू! "आवं बाई, एसटीच्या टपावरच वाकडं झालं हुतं हे. सरळ केलं बघा." ठिपका पुसला, चहा घेतला, गेले.

मग मी अण्णांची फ्लॉपी घातली. वाचेना. दुसरी प्रत घातली, तीही नाही. वाकड्या डोक्याने लिहिलेलं सरळ डोक्याला दिसत नव्हतं, आणि दोन्ही प्रती त्याच डोक्याने लिहिलेल्या. अण्णा नुसते बंबाकडे बघत बसले. ते मला बघवेना. तशीच तणतणत दुकानात गेले आणि चाचांना वाट्टेल ते बोलले.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "चुकलं माझं. ठिपका पुसाया नको हुता." त्या माणसाच्या तोंडून हे ऐकलं आणि माझा निम्मा राग तिथेच उतरला.

मग दुकान बंद ठेवून ते रोज आमच्याकडे येऊ लागले. डोकं किंचित सरकवायचं, फ्लॉपी घालायची, यंत्राने नाही म्हणायचं, पुन्हा सरकवायचं. "लय बारीक चाल हाय, गुरुजी," एवढंच अण्णांशी बोलत. सहाव्या दिवशी पडद्यावर आकडे उमटले! पुन्हा हलायला नको म्हणून चाचा स्क्रूवर बोट दाबून बसले, मी वाचत गेले आणि अण्णा नव्या वहीत लिहीत गेले. मधल्या एका वर्षाचा श्रावण तेवढा दोन्ही फ्लॉप्यांवरून आला नाही. अण्णांनी ते पान कोरं सोडलं.

त्यानंतर चाचांनी कुणाच्याही यंत्रावरचा ठिपका पुसला नाही. अण्णा सांगलीला आले की दुकानात डोकावत, आणि नमस्काराआधी चाचांचं ठरलेलं, "तुमचा एक श्रावण माझ्याकडं ऱ्हायला, गुरुजी." अण्णा म्हणत, "राहू द्या हो."

चाचा गेल्याचं मी अण्णांना पत्राने कळवलं. पुढच्या खेपेला मेढ्याला गेले तर आई हसावं की रडावं अशा सुरात म्हणाली, "अगं, या वयात ह्यांनी कासाराकडून नखांचं पॉलिश आणलंय!"

मी ती पावसाची वही काढली. कोऱ्या पानाच्या मधोमध लाल ठिपका होता.

"अण्णा, हे काय?"

"जागा कळायला नको?" ते म्हणाले, आणि पाऊस मोजायला अंगणात गेले.