कामाला तोटा नाही

काम नसलं की विलास शर्टाला इस्त्री करायचा. अंधेरीच्या स्टुडिओत तो मालिकांसाठी पडदे रंगवायचा: महाल, देवळं, डोंगर. हात असा, की त्याने रंगवलेल्या खांबाला टेकायला जाऊन एक नट पडद्यासकट आडवा झाला होता. काम असलं की विलास रंगाने माखून घरी यायचा. कडक इस्त्रीत दिसला की मी ओळखायचे, हातात काही नाही. विचारलं तर म्हणायचा, "कामाला तोटा नाही गं. लोक मागे लागलेत."

उसने पैसे कुणाकडून घेतले, ते मला घेणेकरी दारात आले की कळायचं. एकदा स्कूटर दिसेना. "स्कूटर कशाला? चालणं तब्येतीला बरं." आठ वर्षं हे ऐकून मी घटस्फोट घेतला. पोटगी ठरली तीही त्यानेच छाती फुगवून सांगितलेल्या मिळकतीवर, त्यामुळे चांगली घसघशीत. माझ्या नाहूरच्या जागेचं भाडं त्यातून जायचं.

गेल्या वर्षी त्याने पोटगी कमी करायला अर्ज केला. स्टुडिओत पडद्यांच्या जागी मोठाले स्क्रीन आले होते. अर्ज वकिलाने लिहिलेला, म्हणून त्यात सगळं खरं होतं. पण न्यायाधीश मॅडमनी थेट विलासलाच विचारलं, "सध्या काम किती मिळतं?"

विलासने कॉलर नीट केली. "मॅडम, कामाला तोटा नाही. दोन मोठी कामं येतायत."

त्याच्या वकिलाने डोळे मिटले. माझ्या वकीलबाई कुजबुजल्या, "गप्प बसा. अर्ज फेटाळतील." फेटाळला असता तर जुनी रक्कम याने थकवली असती आणि तुरुंगात जाऊन बसला असता. तिथून मला काय भाडं मिळणार होतं?

मी उभी राहिले. "मॅडम, यांची नखं बघा. काम केलं की पंधरा-पंधरा दिवस रंग निघत नाही त्यांतून."

विलासने हात खिशात घातले. मॅडमनी बाहेर काढायला लावले. नखं लख्ख होती.

पोटगी निम्मी झाली. बाहेर येताच तो भडकला. "भर कोर्टात लाज काढलीस माझी!"

"अर्ज तुझा आणि बाजू मी मांडायची? वर पैसेही माझेच कमी. जा रे!"

भाड्याची तोंडमिळवणी करायला मी ऑफिसची नोकरी सांभाळून शनिवारी एका दुकानाचे हिशेब लिहायला घेतले. महिन्याभराने त्याचा फोन आला. तो आता राहायचा त्या दहिसरला पाणी कसं येत नाही, ते आधी सांगून झालं. मग म्हणाला, "ऐक ना. माझ्याकडे काम नाहीये. तुमच्या ऑफिसात भिंती रंगवायच्या असल्या तर विचारशील?"

हे एक वाक्य ऐकायला मी त्या घरात आठ वर्षं थांबले होते.

"जिना आहे रंगवायचा," मी म्हटलं. "साहेबांना विचारते. शिडी मात्र तुझी तू आण."