सहा घरांचा बर्फ

आमच्या रस्त्याच्या समितीच्या अध्यक्षांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी कुठल्यातरी गैरसमजाबद्दल बोलतोय असं पुढे वाचताना कुणाला वाटायला नको. त्यांनी लिहिलं, मी केक खात खात सही केली.

कायझर्सलाउटर्नच्या बाहेर, जंगलाला लागून असलेल्या चढावर आमची सहा घरं आहेत. रस्ता खाजगी, सहाजणांच्या मालकीचा. नगरपालिकेची बर्फ काढणारी गाडी खालच्या रस्त्याने निघून जाते, आमच्या चढाकडे बघतही नाही. वरचा बर्फ आम्हीच काढायचा, तोही सकाळी सातच्या आत. पाळी कुणाची ते कळावं म्हणून एक लाकडी पाटी आहे. ज्याचा आठवडा त्याच्या दाराला ती टांगलेली असते. आठवडा संपला की त्याने ती शेजारच्या दाराला अडकवायची. त्या आठवड्यात कुणी घसरून पडलं तर जबाबदार पाटीवाला.

मी इचलकरंजीत लेथवर शिकलेला माणूस. आज जर्मनीभर कारखान्यांत मशिनं बसवत फिरतो आणि इथवर कुणाचं बोट धरून आलेलो नाही. जे काम गाडी करू शकते ते कंबरेने का करायचं, हा माझा साधा हिशोब. जुनी फोर-व्हील जीप दारात होतीच. तिच्या पुढे लावायच्या तयार पात्याची किंमत ऐकली तेव्हा मी दुकानदाराला विचारलं, "यात दुसरी जीपही येते का?" तो हसला नाही. मग ठरवलं, पातं घरीच करायचं.

लुडविग्सहाफेनजवळ एका भंगारवाल्याकडे गरम पाण्याची पोलादी टाकी मिळाली. उभी केली की माझ्या हनुवटीपर्यंत येणारी. अशी टाकी उभी चिरली की पात्याला हवा तो बाक आयता मिळतो, वाकवायला यंत्र लागत नाही.

"वजनावर देतो," भंगारवाला म्हणाला.

"मग आधी आडवी कर."

"का?"

"आत पाणी आहे. मी एवढ्या लांबून पाणी विकत घ्यायला आलो नाही."

आडवी केली. बादलीभर गढूळ पाणी निघालं आणि पाठोपाठ चुन्याचे ढेकळाएवढे खडे. त्याने मला नीट न्याहाळलं. "तुमच्याकडे सगळे असेच का?"

"छे. मी त्यातला गरीब."

त्यावर मात्र तो खळखळून हसला आणि कन्व्हेयर बेल्टच्या जाड रबराची एक पट्टी त्याने टाकीवर ठेवून दिली.

दोन शनिवार-रविवार अंगणात काम चाललं. टाकी चिरली, पाठीमागून लोखंडी पट्ट्यांनी सांधली, खालच्या कडेला रबर बोल्टने आवळलं. जीपच्या पुढच्या बंपरखाली चौकट बसवली आणि पातं वर उचलायला बोटीच्या ट्रेलरवरची हाताने फिरवायची चरखी लावली. नेमके याच दिवसांत अध्यक्ष रोज यायला लागले. सगळ्यात वरच्या घरात राहणारे हे निवृत्त इंजिनिअर. चार वर्षांत माझ्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता घडीची मोजपट्टी घेऊन हजर.

"गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर' म्हणत ते पात्याची रुंदी मोजायचे आणि खिशातल्या वहीत लिहायचे. माझ्या पात्याची रुंदी यांना कशाला हवी? तेव्हाच विचारायला हवं होतं.

पहिल्या बर्फात पातं अडखळलं आणि रस्त्याच्या फरसबंदीतला एक दगड उपटून निघाला. अध्यक्षांनी तेही लिहिलं. मी पात्याखाली दोन लोखंडी पाय बसवले, म्हणजे कड दगडांपासून बोटभर वर राहील. मागे गॅरेजच्या मोडक्या दाराच्या स्प्रिंगा लावल्या, म्हणजे काही आडवं आलंच तर पातं मान तुकवून वरून जाईल. त्यानंतर एकही दगड हलला नाही. ते मात्र त्यांनी लिहिलेलं मला दिसलं नाही.

पुढच्याच आठवड्यात समितीची बैठक अध्यक्षांच्या घरी झाली. कॉफी, सफरचंदाचा केक, सगळे खुशीत. माझ्या पात्याची तारीफ सुरू झाली आणि मी फुगलो. म्हणालो, "अहो, सहा घरं म्हणजे दहा मिनिटांचं काम. मी घरी असताना तुम्ही कशाला फावडी धरता?"

आपल्याकडे माणूस असं बोलतो. 'कधीही या जेवायला' म्हटलं म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी बाराला ताट घेऊन दारात उभं राहत नाही. पण इथे बोललेलं लिहिलं जातं आणि लिहिलेलं राहतं. बैठकीच्या शेवटी एक कागद फिरला, सगळ्यांनी सह्या केल्या. मला वाटलं हजेरी. टाकीतलं पाणी ओतायला लावून मगच पैसे देणारा मी, त्या कागदावरच्या चार ओळी वाचल्या नाहीत.

त्यानंतर पडलेला बर्फ दर वेळी मीच काढला. तिसऱ्या घरातल्या निवृत्त शिक्षिकाबाई एकट्या राहतात. त्या बिस्किटांचा डबा घेऊन आल्या, मलाही बरं वाटलं. पण पाटी माझ्या दारावरून हलेना. एका सोमवारी मी ती स्वतः शेजारच्या दाराला टांगली. संध्याकाळी घरी आलो तर परत आपल्याच दाराला!

"कुणी आणून लावली?" मी बायकोला विचारलं.

"मी नाही पाहिलं. पण अहो, तुम्हीच म्हणाला होतात ना, मी करतो म्हणून?"

जानेवारीत मी कामासाठी तीन दिवस हॅम्बर्गला होतो. तिथे नुसता पाऊस, आणि इकडे गुडघाभर बर्फ. सकाळी बायकोचा फोन.

"अहो, कुणीच बाहेर आलेलं नाही. सगळे खिडकीतून आपल्या जीपकडे बघतायत."

"त्यांचे हात मोडलेत का?"

"मी आपल्या दारापुरता काढलाय. पुढे माझ्याच्याने होत नाही."

दुपारी दुसरा फोन आला. शिक्षिकाबाई पत्रपेटीपर्यंत निघाल्या आणि घसरल्या. उजवं मनगट मोडलं.

परतल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही येताय. म्हणून वाट बघितली. मग निघाले." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी बाईंच्या विमा कंपनीचं पत्र आलं. जबाबदारी माझी. सोबत त्या सही केलेल्या कागदाची प्रत; तो बैठकीचा प्रोटोकोल, म्हणजे इतिवृत्त होतं. आमची मुलगी तो वाचून जर्मनमध्येच म्हणाली, "पापा, प्रोटोकोलमध्ये स्पष्ट लिहिलंय. संपूर्ण हिवाळा, सहाही घरं, तुम्ही." खाली माझी सही. ती मी नाकारत नाही.

मी तडक वरच्या घरी गेलो.

"मी 'घरी असताना' म्हणालो होतो. ते कुठे गेलं?"

"आल्झो, हेर नाखबार," अध्यक्ष म्हणाले, शेजारी महाशयांना समजावतात तशा थंड सुरात, "प्रोटोकोलमध्ये सारांश असतो. प्रत्येक शब्द नसतो."

"मग वही दाखवा. त्यात शब्द असतील."

"वही खाजगी आहे."

"रस्ताही खाजगीच आहे. त्यावर बाई पडल्या."

त्यांनी दार लोटलं. मी आवाज चढवला हे खरं, आणि त्याचीही नोंद झाली असणार.

माणूस विसरतो हे मला मान्य आहे. पण विसरताना नेमकी तेवढीच अट कशी विसरली जाते? बाकी केकची वेळसुद्धा कागदावर आहे. आणि माझी गाडी तीन दिवस दारात नुसती उभी असलेली पाच घरांना दिसत होती, तर एकालाही फावडं का आठवलं नाही? त्या बाईंच्या मनात मी यायचं कबूल करून न आलेला माणूस आहे. विमा काय ठरवायचं ते ठरवो, हे मला सहन होत नाही.

वसंतातली बैठक या वेळी माझ्या घरी आहे. अध्यक्षमहाशय, तुम्ही या. शिक्षिकाबाई समोर बसलेल्या असतील. मी काय बोललो होतो आणि त्यातलं काय तुम्ही गाळलं, ते माझ्याकडे बघून नको, त्यांच्याकडे बघून सांगा.