बारवीच्या फोटोत घागरी

लिहितो लिहितो म्हणत सकाळपासून टाळून राहिलो.

दुष्काळात उदगीरजवळच्या एका गावातली जुनी बारव तळापर्यंत कोरडी पडलीय, म्हणून खालचं कोरीव काम टिपायला आलो. पायऱ्यांवर एक मावशी रिकाम्या घागरी मांडत होत्या. अर्धी भरलेली एक त्यांनी पदराआड लपवली.

"मावशी, मी नुसत्या बारवीचे फोटो काढतो."

"घागरी बी घे. फोटो गेल्याबिगर टँकर येत न्हाई. नवा जिल्हा व्हायलाय म्हणे, त्याला दाखव. जुन्यानं तर पाहिलं न्हाई."

रिकाम्या घागरींचा फोटो तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. लपवलेली तेवढी सोडली. कोरीव काम राहूनच गेलं. चुकलं का माझं?

थांबा, वर टँकरवाला आलाय. विचारून राहिलाय, "फोटोवाले सायेब कुठं हायत?"