रेणुकाची मॅच बघायला काठमांडूला

मी कराडहून लगमाक्काला न्यायला गेले, तर ती माझ्या आधीच जत स्टँडवर येऊन बसली होती. पायात नव्या चपला, मांडीवर कडक भाकरीचं गाठोडं, शेजारी शेंगाच्या चटणीचा डबा. तिची मुलगी रेणुका भारताच्या बास्केटबॉल संघात निवडली गेली होती. शेजारी देशांच्या क्रीडास्पर्धा काठमांडूला होत्या, संघ आधीच तिकडं पोचला होता, आणि आम्ही दोघी तिला खेळताना बघायला निघालो होतो.

मी कराडच्या एका शाळेत खेळ शिकवते. त्याआधी चार वर्षं जत तालुक्यात होते. नववीतली रेणुका मला तिथंच भेटली. सहा फुटाला दोन बोटं कमी, मेंढरांमागं चालून पाय काटक झालेले. मी तिला कराडला माझ्या घरी ठेवून घेतलं. तिला माझ्या हवाली करताना लगमाक्का एवढंच म्हणाली होती, "बाई, हितनं फुडं तुमीच तिची आई. बरंवाईट तुमी बगायचं."

निघताना मी आनंदात असायला हवं होतं, पण नव्हते. निवड शिबिराच्या तीन आठवडे आधी सरावात रेणुकाचा उजवा गुडघा पिळवटला होता. आतली लिगामेंट अर्धी फाटली आहे, सहा महिने उडी मारायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतताना रिक्षात मी तिला म्हणाले, "शिबिरात कुणाला बोलायचं नाही. पट्टी बांधून खेळायचं. अशी संधी पुन्हा येत नाही." ती "व्हय बाई" म्हणाली आणि रिक्षाबाहेर बघत राहिली. हे आम्हा दोघींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

पुण्याहून गोरखपूरची गाडी पकडली. लगमाक्काला मराठी आणि कानडी सोडून काही येत नाही, पण सतना यायच्या आत डब्यातल्या अर्ध्या बायकांनी तिची भाकरी चाखली होती. प्रत्येकीला ती मोबाइलमधला रेणुकाचा फोटो दाखवी. निळ्या गणवेशातला, छातीवर देशाचं नाव असलेला. मग माझ्याकडं बोट करून म्हणे, "ह्या बाईंनी केली ती."

गोरखपूरहून जीपनं सुनौलीला पोचलो. इथं सरहद्द चालतच ओलांडतात. कमानीखाली एका पोलिसानं आमची मतदार ओळखपत्रं बघितली आणि कुठं निघालात म्हणून हिंदीत विचारलं. लगमाक्कानं मराठीतच उत्तर दिलं, "पोरगी खेळतीया, बगाय निगालोय." त्याला कळलं असावं. हसून त्यानं हात केला.

पुढचा दिवस सगळा बसमध्ये गेला. रस्ता त्रिशुली नदीच्या काठानं वर चढतो. हिरवं, खळाळणारं पाणी तासन्‌तास संगतीला असतं. लगमाक्का काचेला कपाळ लावून बघत होती. तिच्या वस्तीवर आठवड्यातून दोनदा टँकर येतो.

"बाई, हे कुनाचं पानी?"

"कुणाचंच नाही. नदीचं."

"आन्‌ कुनी आडवत न्हाई?" ती म्हणाली.

जेवायला बस थांबली तिथं तिच्या एका चपलेचा अंगठा तुटला. हॉटेलवाल्या बाईनं सुतळीनं बांधून दिला आणि मला म्हणाली, "दिदी (थोरली बहीण), भात घ्या आणखी." डाळभात, मोहरीच्या तेलातली पालेभाजी, मुळ्याचं लोणचं. मी अर्धं ताट पुढं सरकवलं. लगमाक्कानं माझ्या ताटातला भातही संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठमांडूतल्या लॉजच्या गच्चीवरून उत्तरेला पांढरी रांग दिसली. लगमाक्काला आधी ते ढगच वाटले. बर्फ आहे म्हटल्यावर तिनं पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. आयुष्यभर जे बघायची इच्छा होती ते माझ्यासमोर होतं, आणि मी रेणुकाला फोन लावून विचारत होते, "सूज आहे का गं?"

"थोडी हाय, बाई."

"बर्फ लाव," मी म्हणाले. सांगून टाक, असं म्हणायला अजूनही वेळ होता.

पहिले दोन सामने ती बाकड्यावरच होती. बदली खेळाडूंचं असंच असतं, पण लगमाक्काला ते पटेना. "दोन दिस झालं बसवून ठेवलंय. काय चुकलं का तिचं?" मी समजावलं. खरं तर ती बसून आहे याचा मला सुटल्यासारखा आनंद होत होता. अशीच बसून घरी आली तर कुणाला काही कळायचं नाही, असं मनात येत होतं.

तिसरा सामना मालदीवशी होता. शेजारी एक म्हातारी नेपाळी बाई सुन्तला (संत्री) सोलत बसली होती. तिनं दोन फोडी लगमाक्काच्या हातावर ठेवल्या. आपला संघ खूप पुढं गेला, सामना जिंकल्यातच जमा होता, आणि शेवटच्या भागात प्रशिक्षकांनी रेणुकाला उठवलं.

लगमाक्का उभी राहिली. रेणुकानं आल्या आल्या कड्यावरून उसळलेला बॉल पकडला, दोघींना चुकवून जाळीत टाकला. म्हातारीनं मैदानाकडं बोट करून विचारलं, "छोरी (मुलगी)?" लगमाक्का म्हणाली, "माजी."

पुढचा बॉल उंच आला. रेणुका उडाली, उजव्या पायावर उतरली आणि तिथंच कोसळली. दोन्ही हातांनी गुडघा धरून तिनं प्रेक्षकांत नजर फिरवली. आईला शोधत असेल असं मी स्वतःला सांगितलं, पण ती माझ्याकडं बघत होती.

दवाखान्यात एमआरआय झाला. लिगामेंट पूर्ण तुटली होती, सोबत गुडघ्याच्या हाडांमधली गादीही फाटली होती. संघाच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून विचारलं, "पहले कभी लगी थी?"

रेणुकानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

"नहीं सर," ती म्हणाली.

तिला उपचारासाठी संघाबरोबर दिल्लीला नेणार होते. आम्ही दोघी आल्या वाटेनं परत निघालो. त्रिशुली तशीच होती. लगमाक्कानं या वेळी बाहेर बघितलं नाही.

"त्यो डाक्टर पैलं, पैलं म्हनत हुता. पैलं काय झालतं?"

"काही नाही. सगळ्यांनाच विचारतात तसं."

तिनं मान हलवली. रेल्वेत ती मला भाकरीचे तुकडे करून देत होती. "खावा बाई. तुमी किती जिवाला लावून घेतलंय. तुमचीबी पोरगीच की ती." ते दोन दिवस मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही.

कराडला उतरून आम्ही कडेगावची एसटी धरली. तिचा नवरा मेंढरं घेऊन तिकडच्या उसाच्या पट्ट्यात उतरला होता. कडेगावच्या स्टँडवर चहा घेताना ती म्हणाली, "आता त्येला काय सांगू? त्यो म्हनंल, पोरीनं बेफिकिरी केली, आता लगीन लावा. तुमी चला, तुमचं ऐकतोय त्यो."

तिथं मला बोलावं लागलं. रिक्षात काय म्हणाले, शिबिरात काय लपवलं, दवाखान्यात भिंतीकडं का बघितलं, सगळं सांगितलं. शेजारून उसाचे ट्रॅक्टर जात होते.

"रेणीला ठाव हुतं?"

"हो."

"म्हंजी तुमा दोगीस्नी ठाव हुतं. मलाच न्हवतं." तिनं कप खाली ठेवला. "तुमी कराडला जावा, बाई. फुडं मी जाते."

सुतळी बांधलेली चप्पल ओढत ती शिवाराच्या रस्त्याला लागली.

शाळेत सगळे विचारतात, नेपाळ कसा आहे? मी डोंगराचं सांगते. रेणुकाचं ऑपरेशन झालं, ती कुबड्या घेऊन वस्तीवर आली, पण माझ्याकडं आली नाही. महिन्याभरानं तिचा एकच फोन आला.

"आईला का सांगितलंसा?"

"तुझ्यावर ठपका नको म्हणून."

"मी तुमच्यासाटनं खोटं बोलले, बाई. आता आई माझ्यासंगट बोलत न्हाई. सांगायच्या आधी मला एकदा इचारायचं हुतं."

तिचं खरं होतं. रिक्षात विचारलं नव्हतं, कडेगावातही विचारलं नाही. मी काही बोलायच्या आत तिनं फोन ठेवला.