वहिनी जेवायला बसल्या

ताटावर आडवा हात धरायचा आणि म्हणायचं, "नको, आपलं चालू हाय सध्या." हे वहिनींचं ठरलेलं. वाढणाऱ्याच्या हातात पुरणपोळी असो नाहीतर काकडीची फोड, हात तसाच आडवा. त्यात तोरा नव्हता. उलट इतकं गोड हसून नको म्हणायच्या, की आग्रह करणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

'चालू' म्हणजे डाएट, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कोणतं, एवढंच विचारावं लागे. कधी जिऱ्याचं पाणी, कधी नुसती पपई. एकदा भात बंद, पोळी चालू. मग पोळी बंद, भात चालू. एकदा गल्लीतल्या कुणीतरी एक पावडर आणून दिली. ती दुधात घालून सकाळ-संध्याकाळ प्यायची आणि मधल्या वेळात दुसऱ्यांनी खाल्लेलं बघायचं. वहिनींना हे बघणं चुकवता येण्यासारखं नव्हतं, कारण त्या मेस चालवायच्या.

मी तेव्हा लातूरला एका सरकारी कचेरीत होतो. बायकोची शाळेतली नोकरी कंधारला, मुलं तिच्याजवळ. शनिवारी बस धरायची, सोमवारी परत यायचं. मधले दिवस मी क्लासच्या भागात एका खोलीवर राहायचो आणि दोन्ही वेळा वहिनींकडे जेवायचो. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं-पोरी त्यांना काकू म्हणत. त्यांचे यजमान वीज खात्यात लाइनमन, माझ्या जुन्या ओळखीचे, म्हणून मी वहिनी म्हणायचो आणि त्या मला भाऊजी.

त्यांच्या स्वयंपाकघरात दोन वजनकाटे होते. एक पिठाचा, एक पायाखालचा. यजमान म्हणायचे, "पिठाचा काटा खरं बोलतो. दुसऱ्याला हिनं फितवलंय." फितवलेला म्हणजे असं, की खिडकीखालच्या फरशीवर काटा ठेवला तर वजन थोडं कमी दाखवायचा आणि चुलीजवळ ठेवला तर जास्त. वहिनींनी सगळं स्वयंपाकघर असं तपासून खिडकीखालची फरशी मुक्रर केली होती. तिथं उभं राहायच्या आधी बांगड्या काढायच्या, केसांतला चाप काढायचा. एकदा तर मंगळसूत्र काढून फडताळात ठेवलं आणि दिवसभर घरभर शोधत बसल्या.

जाड होत्या का? तुमच्याआमच्या घरातल्या चाळिशीच्या बायका असतात तशा होत्या. चढ चढताना दम लागायचा, पण दिवसभर पन्नाससाठ पानं वाढणाऱ्या बाईला तो तसाही लागला असता. मला तरी त्यांच्याकडे बघून कधी जाड-बारीक असं काही सुचलं नाही. त्यांना मात्र दुसरं सुचायचं नाही. कुणाच्याही लग्नाच्या फोटोत त्या कायम मागच्या रांगेत, नाहीतर कुणाचं तरी लेकरू कडेवर घेऊन, म्हणजे पुढून झाकलं जातं.

आता मेसवाल्या बाईनं डाएट करायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. पण एका वर्षी त्यांनी चाखणं बंद केलं. कुणीतरी सांगितलं होतं, चाखता चाखता दिवसाकाठी दोन पोळ्यांचं खाणं पोटात जातं. वहिनींना ते पटलं. झालं. सोमवारी वरण अळणी, मंगळवारी भाजी खारट. बुधवारी दोन्ही बरोबर निघालं तर पोरं एकमेकांना टाळी द्यायची. कुणी तोंडावर बोलत नव्हतं. एक किनवटचा पोरगा खिशात मिठाची पुडी घेऊन यायचा आणि टेबलाखालून ती पुडी फिरायची. मीही कंधारहून लोणच्याची बरणी आणून खोलीवर ठेवली होती.

दुसरं म्हणजे वहिनी चिडक्या झाल्या. उपाशी माणसानं तव्यासमोर उभं राहून दुसऱ्यांसाठी पोळ्या लाटायच्या, तेल सोडायचं, वास घ्यायचा आणि स्वतः दुधी भोपळ्याचं सूप प्यायचं. कुणीही चिडलं असतं. पण वहिनींचं चिडणं आम्हाला नवं होतं. ही बाई पूर्वी पोरांच्या मागे लागून वाढायची.

त्या वर्षी एक पोरगी जेवायला यायची. देवणीकडच्या एका खेड्यातली, उंच, हाडकुळी, परीक्षेला दुसऱ्यांदा बसणारी. घरची शेती, दूधदुभतं, त्यामुळे खाण्याची सवय चांगली. दिवसभर अभ्यास करून आली की मान खाली घालून जेवायची, कुणाशी बोलणं नाही. एका संध्याकाळी तिनं स्वयंपाकघराकडे बघून हाक दिली, "काकू, अजून एक पोळी."

आतून आवाज आला, "किती खातीस गं? पोट हाय का पोतं?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पोरगी क्षणभर ताटाकडे बघत राहिली. मग उठली, हात धुतले, चपला घालून निघून गेली. वहिनी हातात पोळी घेऊन दारापर्यंत आल्या होत्या. त्या तिथंच उभ्या राहिल्या. तव्यावरची दुसरी पोळी जळाल्याचा वास आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली नाही. संध्याकाळीही नाही. वहिनी प्रत्येक पावलाच्या आवाजाला दाराकडे बघायच्या. शेवटी तिच्या खोलीवरच्या मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "बिस्किटं खाऊन राहिलीय काकू. भूक न्हाई म्हणते."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीला निघालो तर वहिनी गल्लीच्या तोंडाशी उभ्या. हातात चार पुडांचा डबा.

"भाऊजी, त्या पोरीचं हॉस्टेल तुमच्या वाटेवर हाय ना? मला सोडा."

मी स्कूटर वळवली. मागे बसल्यावर त्यांनी डबा मांडीवर घट्ट धरला. मग एकदम बोलायला लागल्या, माझ्या पाठीशी बोलल्यासारख्या.

लग्न होऊन त्या उदगीरला सासरी आल्या, त्याला महिना झाला नव्हता. भरलं घर. दुपारी सगळ्या बायका जेवायला बसलेल्या. नव्या नवरीनं दुसरी भाकरी मागितली. तेव्हा थोरल्या नणंदबाई, ज्यांना सगळे आक्का म्हणत, त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "किती खातीस गं?" सगळ्या हसल्या. आक्काही हसल्या. त्यांच्या दृष्टीनं ती थट्टा होती.

"त्या दिवसापासून मी कुणाम्होरं पोटभर जेवले न्हाई," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांचं झाल्यावर वट्ट्याला टेकून उभ्यानं खायचं. ते खाणं कुणी बघत न्हाई. मग ते जास्त झालं म्हणून दुसऱ्या दिवशी उपास. इतकी वर्षं हेच चालू हाय. अन् बघा, ते बोलणं माझं नव्हतंच. मला कुणीतरी दिलेलं. मी उचलून त्या लेकराला दिलं."

मी हॉर्न वाजवला, रस्त्यात कुणी नसताना.

मुलींचं हॉस्टेल, त्यामुळे वर जायला बंदी. दाराजवळ पायऱ्या होत्या, तिथं बसलो. पोरगी खाली आली. डोळे सुजलेले, पण नमस्कार केला.

वहिनी म्हणाल्या, "मी चुकले बाई. लई वंगाळ बोलले. तुला जेवायला आणलंय."

पोरगी हळूच म्हणाली, "नको काकू. माझं बी चालू हाय सध्या."

ती टोमणा मारत नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तिनं खरंच ठरवलं होतं. वहिनींचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे बघितलं.

मग त्यांनी पायरीवर नीट मांडी घातली. डब्याची पुडं सोडवून समोर मांडली. शेंगोळे केले होते. हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कांड्या, लसणाच्या रश्श्यात शिजवलेल्या. त्या पोरीला ते आवडायचे. शेजारी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा.

"तुझं चालू असंल तर असू दे," वहिनी म्हणाल्या. "माझं बंद झालं. मी जेवायलेय. तू नुसती बस माझ्याजवळ."

आणि रस्त्यावरून जाणारी-येणारी माणसं, वॉचमन, मी, या सगळ्यांसमोर वहिनींनी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली आणि घास घेतला. दोनदा चावलं आणि थांबल्या.

"मीठच न्हाई की ह्यात."

पोरगी म्हणाली, "लई दिवसांपासून न्हाई, काकू."

"म्हंजे?"

"कधी लई असतंय, कधी अजिबात न्हाई."

"असलं घालायले मी लेकरांना? अन् बोलली का न्हाईस?"

"तुमी चिडलेल्या असायच्या."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, तुमी बी?"

मी उठलो आणि समोरच्या पोह्याच्या गाड्यावरून कागदात मीठ आणायला गेलो. परत आलो तेव्हा पोरगी पायरीवर वहिनींना चिकटून बसली होती आणि दोघी हसत होत्या. कशाला ते मी विचारलं नाही. मीठ घातलं, ढवळलं, वहिनींनी चाखलं, अजून जरा घातलं. मग दोघी जेवल्या. डबा रिकामा झाला. मला एक घास विचारला, तोही डबा संपल्यावर.

यानंतर सगळं एकदम सरळ झालं असं समजू नका. वजन वाढेल म्हणून वहिनी आधी घाबरल्या. मग पहिल्या आठवड्यात इतकं खाल्लं की पोट बिघडलं. दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, की अंगात रक्त कमी आहे, वेळेवर आणि पोटभर जेवा, रोज चाला. वहिनींनी विचारलं, "पोटभर म्हंजे किती?" डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "ते तुमच्या पोटाला विचारा." वहिनी घरी येऊन यजमानांना म्हणाल्या, "फी घेतली अन् उत्तर मलाच शोधायला सांगितलं."

पण शोधलं त्यांनी. मेसची पहिली पंगत बसायच्या आधी त्या स्वतः ताट वाढून घ्यायला लागल्या. उभ्यानं नाही, पाटावर बसून. आम्ही थोडे लवकर पोचलो तर आतून आवाज यायचा, "थांबा जरा, मी जेवायलेय." सुरुवातीला पोरांना गंमत वाटली, मग सवय झाली. जेवून उठलेल्या वहिनी वेगळ्याच असायच्या. हात सैल, आवाज सैल. त्या म्हणायच्या, पहिले काही दिवस भूक कुठं लागते तेच कळायचं नाही, डोक्यात लागते की पोटात. हळूहळू ओळख पटली. कधी दोन भाकरी, कधी एकीतच पुरे. गोड खावंसं वाटलं तर एक लाडू सगळ्यांसमोर खायचा. कुणी नसताना डब्यातले चार खाणं आपोआप सुटलं. संध्याकाळी त्या पोरीला घेऊन फिरायला जायच्या. ती चालता चालता धडे पाठ म्हणायची आणि वहिनी मधूनच विचारायच्या, "हे जठर म्हंजे नेमकं कुठं म्हणलीस?"

वजनकाटा खिडकीखालून हलला. यजमानांनी तो कांद्याच्या पिशव्या तोलायला घेतला. खोटं बोलतो म्हणून कांदेवाल्याशी दोनदा भांडण झालं.

दिवाळीनंतर उदगीरच्या आक्का चार दिवस राहायला आल्या. आता म्हाताऱ्या, हातात काठी, पण नजर तीच. मी जेवायला बसलो होतो. आक्कांनी वहिनींना खालून वर बघितलं आणि म्हणाल्या, "सुटलीस बरं का गं तू."

माझा घास हातातच राहिला. पोरंही थांबली, कारण आतापर्यंत सगळ्यांना सगळं माहीत झालं होतं.

वहिनी म्हणाल्या, "हाव आक्का, सुटले." आणि आक्कांच्या शेजारी स्वतःचं ताट मांडून बसल्या. एक भाकरी झाली. दुसरी घेतली. आक्का बघत होत्या. वहिनींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण हात थांबला नाही. दुसरी भाकरी संपवून, ताट पुसून त्या उठल्या.

आक्कांचं ताट जवळजवळ भरलेलं होतं. त्या दिवसभरात फार थोडं खात, वय झालं म्हणत. दोन दिवसांनी मी गेलो तर आक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून सुनेच्या वयाच्या भावजयीला विचारत होत्या, "ते शेंगोळे उरले असतील तर दे की वाईच. आमच्या आईनं आमाला कधी मागून खाऊ दिलं न्हाई." वहिनींनी वाटी भरून दिली. वर तेलाची धार सोडली.

त्या पोरीला त्या वर्षी डॉक्टरकीला नाही, पण नांदेडला नर्सिंगला जागा मिळाली. पेढे घेऊन आली. वहिनींनी दोन खाल्ले आणि तिसरा यजमानांच्या हातातून काढून घेतला.

मग माझीही बदली नांदेडला झाली. यजमान निवृत्त झाल्यावर दोघं निलंग्याकडे गावी राहायला गेले. मेसच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे. मध्ये लातूरला कामासाठी गेलो तर सवयीनं त्या गल्लीत वळलो आणि आत मशिनचा आवाज ऐकून परत फिरलो.

त्याच दिवशी दुपारी बसस्टँडवर ती दोघं दिसली. माझी नांदेडची गाडी सुटत होती, मी खिडकीत. पलीकडच्या फलाटावर वहिनी पिशवीवर बसून पेरू खात होत्या. मोठा, चिरलेला, तिखट-मीठ लावलेला. केस पांढरे झाले होते. बारीक झाल्या नव्हत्या. यजमानांनी एक फोड मागायला हात पुढे केला. वहिनींनी पेरू लांब धरला.

"तुमचा वेगळा घ्या की. ह्यो माझा हाय."

गाडी मागे सरायला लागली. मी हाक मारली. त्यांनी वर बघितलं, मला ओळखलं, पण तोंड भरलेलं असल्यामुळे बोलता येईना. मग पेरूचाच हात वर केला आणि गाडी वळेपर्यंत, चावत चावत, हलवत राहिल्या.