नवरात्रात सोडलेल्या गोळ्या

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगते. भूकंपात गाव गेलं, लातुरात आले, कोचिंगच्या पोरांची खाणावळ चालवून मुलाला मार्गी लावलं आणि आता कुठं सुख म्हणावं, तर भाकरी थापतानाच धाप लागायला लागली. छाती धडधडली की मुलगा म्हणायचा, आईच्या मनातून भूकंप काही जात नाही. मलाही ते पटायचं. अंगात रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या, रक्तही चढवून झालं. पण फुटक्या रांजणात पाणी ओतल्यासारखं सगळं कुठं जायचं कळेना. शौचाला काळं व्हायचं. गोळ्यांनी तसं होतं असं दवाखान्यात सांगितलेलं, म्हणून मी निर्धास्त होते.

नवरात्रात मी कडक उपास धरला. गोळी गिळली तर उपास मोडतो, असं आमच्या घरात मानतात. मग गोळ्याही बंद. वेडेपणाच तो. पण घट उठले तरी काळेपणा गेला नाही, तेव्हा मात्र कळलं, हे गोळ्यांचं नव्हे. असलं सांगायचं कुणाला? पोटच्या मुलाला? की त्याच्या वयाच्या डॉक्टरला?

तशीच माहूरला गेले. पायऱ्यांवर डोळ्यांपुढं अंधारी आली. तिथं बांगड्या विकणाऱ्या एका मुसलमान बाईनं मला धरून आपल्याजवळ सावलीत बसवलं, पाणी पाजलं. ओळख ना पाळख, म्हणूनच असेल, मी तिला सगळं सांगून टाकलं, अगदी शौचाचंसुद्धा. ती बांगड्या ओवत शांतपणे म्हणाली, "मला सांगताना लाजला न्हाईत, आक्का. मग डॉक्टरला सांगाया काय झालं?"



परतल्यावर डॉक्टरांना सगळं सांगितलं. गोळ्या सोडल्या म्हणून ते आधी रागावले, पण गोळ्यांशिवायही काळंच होतं हे ऐकून त्यांनी लगेच तपासणीला पाठवलं. तपासणीत आतड्यातून रक्त झिरपताना सापडलं. छातीला नळी लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. हृदयाची झडप आखडली होती. तिच्यापायी रक्त नीट गोठेना आणि आतड्यातल्या नाजूक नसा गळत होत्या, असं त्यांनी समजावलं. हैदराबादला झडप बदलली. हळूहळू रक्त गळायचं थांबलं, आणि आमच्या घरचा तो भूकंपही.

पुढच्या नवरात्रात गोळ्या घेऊनच माहूरला गेले. ती बाई तिथंच होती. तिला मी आठवलेही नाही. भाव करून तिनं मला हिरवा चुडा भरला. माझे डोळे मात्र भरून आले. गेल्या वर्षी मी देवीसाठी औषध सोडलं होतं. देवीला मात्र मी माझी लाज सोडलेली हवी होती.