बरणीतली कोळीण आणि तिची कात

सुरुवातीलाच सांगते, मी प्राणिशास्त्राची पदवीधर आहे आणि शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जायची. त्यामुळे खाली लिहिलंय ते वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही. हे मी घाबरून लिहीत नाहीये, मला राग आलाय म्हणून लिहितेय. इतकी वर्षं झाली, राग गेलेला नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. तेव्हा आमचं गाव मध्य प्रदेशातच होतं, नवं राज्य अजून व्हायचं होतं. बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झाले, सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सोडलं आणि आम्ही स्मृती नगरला आमच्या घरात राहायला आलो. मी, आई आणि बाबा. बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे, रिकामं बसणं त्यांना जमेना, म्हणून रसमड्याच्या एका लहानशा फॅक्टरीत ते सुपरवायझर म्हणून जायला लागले. तिथं एक दिवस लाकडाचे ओंडके आले आणि एकाच्या सालीखालून हाताच्या पंजाएवढी केसाळ कोळीण निघाली. लोकांनी चिंधी पेटवून तिला जाळायला घेतलं. बाबांनी तिला डब्यात घातलं आणि स्कूटरवरून घरी आणलं. डावीकडचा तिसरा पाय त्या गडबडीत तुटला होता.

आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "भाईसाब, ये जहरीला मेकरा है, मार दो." मेकरा म्हणजे तिकडे कोळी. बाबांनी काचेची उभी टाकी करून घेतली, वर जाळीचं झाकण, आत झाडाची साल आणि पाण्याची वाटी. तिला ते 'बाई' म्हणायचे. "बाईनं आज पानी पेलं," असं आम्हाला जेवताना सांगायचे. पुढे आईच मोरीतली झुरळं पकडून द्यायला लागली.

तिचं नाव शोधायचं काम माझ्याकडे आलं. सगळे म्हणायचे टॅरांटुला. पण टॅरांटुला हे नाव मुळात इटलीतल्या एका वेगळ्याच कोळ्याचं, जमिनीवर पळत शिकार करणाऱ्या. गोऱ्या लोकांनी ते नंतर दिसेल त्या मोठ्या केसाळ कोळ्याला चिकटवलं. आपल्याकडच्या झाडावरच्या कोळ्यांचं घराणं पोइसिलोथेरिया. त्यातही रेगालिस आणि स्ट्रायाटा या दोन जाती सहज गफलत होण्यासारख्या. रेगालिसच्या पोटाखाली फिकट आडवा पट्टा असतो. बाई काचेवर चढली की मला तो पट्टा स्वच्छ दिसायचा. म्हणजे रेगालिस. मला शंका नव्हती.

त्या वर्षात तिनं एकदा कात टाकली आणि तुटलेल्या पायाच्या जागी छोटासा, करंगळीच्या नखाएवढा नवीन पाय फुटला. कोळ्यांचं तसंच असतं, दर कातेला पाय थोडा वाढतो. बाबा किती दिवस त्या पायाबद्दलच बोलत होते.

मग सर आले. मला कॉलेजात शिकवलेले, नाव लिहीत नाही. सिविक सेंटरच्या बाजारात कुणाकडून तरी त्यांनी ऐकलं होतं. आमच्या सोफ्यावर बसून चहा प्यायले आणि म्हणाले, "असं काचेतून बघून ओळख पटत नसते. मायक्रोस्कोपखाली पाहावं लागेल. मी घेऊन जातो, दोन दिवसांत परत देतो."

बाबा म्हणाले, "सर, आता नोका नेऊ. ती खाऊन नाही राहिली, रंग बी काळवंडला. कात टाकाले आली आहे."

"अहो, मी हेच शिकवतो ना," सर हसून म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "सर, पट्टा मी पाहिलाय. रेगालिसच आहे." ते माझ्याशी बोललेच नाहीत. बाबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "विश्वास ठेवा." शिकलेल्या माणसाला नाही म्हणणं बाबांना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी डबा दिला.

दोन दिवस गेले, आठवडा गेला. शेवटी आम्ही दोघं कॉलेजात गेलो. कपाटात एक बरणी होती. स्पिरिटमध्ये बाई. पाय आखडलेले, तो छोटा पाय तसाच छोटा. बरणीवर चिठ्ठी: पोइसिलोथेरिया स्ट्रायाटा, नर.

नाव चुकलं होतं, नरमादीही चुकली होती. आणि त्यासाठी तिला मारलं.

"तुम्ही परत देतो म्हणाले होते," मी म्हणाले.

"स्पेसिमेनचा उपयोग विद्यार्थ्यांना होईल," ते म्हणाले. "तुम्ही लोक भावनिक होता."

बाबा वळून स्कूटरकडे चालायला लागले. त्यानंतर फॅक्टरीत जाणं त्यांनी सोडलं.

महिना व्हायला आला असेल. एका दुपारी बाबांनी टाकी धुवून कुणाला तरी देऊन टाकायची ठरवली. झाकण तारेनं बांधलेलंच होतं, त्यांनी ते माझ्यासमोर सोडलं. साल उचलली. खाली कात पडली होती. अख्खी. डावीकडचा तिसरा पाय छोटा.

जुनी कात असते कडक, हात लावला की मोडते. मी पाय वाकवून पाहिले, ते वाकत होते. दमट होते. कात काही तासांपूर्वीची होती.

शाळेत नेईपर्यंत ती वाळली होती, म्हणून मी ती पाण्यात मऊ करून तिथल्या मायक्रोस्कोपखाली धरली. मादीच्या कातेला पोटाच्या आतून एक लहानशी पिशवी दिसते. ती होती. दुसऱ्या दिवशी कात डब्यात घालून मी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"आधीच टाकली असेल, तुमच्या लक्षात आली नसेल," ते म्हणाले.

"मग बरणीतल्या बाईचा पाय वाढलेला दिसायला पाहिजे. मोजा."

त्यांनी बरणी काढली, पाय मोजले, कातेचे मोजले. पुन्हा मोजले. सगळं सारखं होतं. एकाच कोळिणीची कातडी एकाच वेळी तिच्या अंगावरही होती आणि माझ्या डब्यातही होती. त्यांचा चेहरा उतरला. आणि मग हा माणूस काय म्हणाला असेल? "ही कात इथंच ठेवून जा. मी नीट बघतो."

मी डबा उचलून घरी आले. आयुष्यात कुणा शिक्षकाच्या खोलीचं दार मी इतक्या जोरात आपटलेलं नाही.

टाकी दिली नाही. बाबा पुन्हा वाटीत पाणी भरायला लागले. आम्हा तिघांपैकी कुणालाही आत कधी काही दिसलं नाही. मी साल उलटून पालटून पाहायची, टॉर्च मारायची. काही नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर दुसरी कात मिळाली. आधीपेक्षा मोठी, आणि तो पाय इतर पायांच्या निम्म्याला आलेला. मी पुन्हा कॉलेजात गेले. बरणी तिथंच होती, बाई आत, चिठ्ठी तीच. सरांनी ती दुरुस्तसुद्धा केली नव्हती.

मी बाबांना एकदा विचारलं, "तुमाले भेव नाही लागत?"

"भेव कायचं?" ते म्हणाले. "तिले मारलं थे तिकडं. इथं तं तिले कोनी काही केलं नाही."

बाबा गेले त्यानंतर एकही कात आली नाही. पाणी मी भरत होते, तरी नाही. पुढे मी नागपूरला आले. ओळखीच्या अभ्यासकांना विचारलं. कुणी म्हणालं दुसरी कोळीण शिरली असेल, कुणी म्हणालं तुमचं मोजमाप चुकलं असेल. बांधलेल्या झाकणातून पंजाएवढी कोळीण शिरते कशी, हे कुणी सांगितलं नाही. मलाही सांगता येत नाही, आणि तसा आव मी आणणार नाही.

बाबांना ते कोडं पडलंच नाही. मला पडलं, पण रात्री झोप लागत नाही ती त्या कोड्यामुळे नाही. एक माणूस आमच्या घरी चहा प्यायला, बाबांच्या पाठीवर हात ठेवला, खोटं बोलला आणि शेवटपर्यंत चुकलो म्हणाला नाही. कातेला सगळे स्पष्टीकरण शोधतात, त्याच्या या वागण्याला मात्र कुणालाच स्पष्टीकरण लागत नाही.